मान खाली, निळी रेषा आणि स्कॉट स्टीव्हन्स

सगळं मिळून चारेक सेकंदांचं काम आहे. बर्फावरच्या हॉकीचा सामना. ८८ क्रमांकाचा एक धिप्पाड गडी पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती, घेऊन मधल्या पट्ट्यातून वेगात येतो, समोरच्या संघाची निळी रेषा ओलांडतो आणि कडेकडून मध्याकडे वळतो. नजर खाली, पकवर. तेवढ्यात समोरून, थोडासा तिरका, ४ क्रमांकाचा गडी पुढे सरकतो. धावून येत नाही, उडी मारत नाही, फक्त सरकतो. त्याचा खांदा लागतो तो थेट जबड्याच्या बाजूला. ८८ क्रमांकाचा गडी जागच्या जागी कोसळतो, पडताना डोकं बर्फावर आपटतं, आणि मग तो कुशीवर, पाय पोटाशी ओढून, पडून राहतो. लहान मूल झोपतं तसा.

२६ मे २०००, शुक्रवारची रात्र. फिलाडेल्फियाचं फर्स्ट युनियन सेंटर. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगचं विजेतेपद म्हणजे स्टॅनले कप; त्याच्या अंतिम फेरीत कोण जाणार हे ठरवणारा, ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. पडलेला खेळाडू फिलाडेल्फिया फ्लायर्सचा एरिक लिंड्रोस. उभा राहिलेला न्यू जर्सी डेव्हिल्सचा कर्णधार, बचावपटू स्कॉट स्टीव्हन्स. पंचांनी शिट्टी वाजवली ती जखमी खेळाडूसाठी, फाउलसाठी नाही. स्टीव्हन्सला दोन मिनिटांचीसुद्धा शिक्षा झाली नाही.

स्टीव्हन्सची आठवण काढायची म्हटलं की बहुतेक जण या चार सेकंदांपाशी येऊन थांबतात. मीही इथूनच सुरुवात केली, कारण टाळता येत नाही. पण ही धडक पुन्हा पुन्हा पाहताना मला वाटू लागलं की आपण तिच्यात पाहायचं ते पाहतच नाही. आपण खांदा पाहतो. पाहायला हवं ते त्याआधीचं दीड सेकंद: तो माणूस तिथे उभाच का होता?

बर्फावरचा धक्का

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, खडकीचा धनराज पिल्ले येतो. त्या हॉकीत अंगाने धक्का दिला तर पंच शिट्टी वाजवतो. बर्फावरच्या हॉकीत उलट आहे. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने, छातीने, नितंबाने धडक देऊन पकापासून तोडणं हे बचावपटूचं रोजचं काम. त्याला बॉडी चेक म्हणतात. कोपर वापरलं तर शिक्षा, पाय बर्फावरून उचलून अंगावर झेप घेतली तर शिक्षा, लांबून धावत येऊन आदळलात तर शिक्षा, पाठीमागून कडेच्या फळीवर ढकललंत तर शिक्षा. पण अंगाशी घट्ट घेतलेला खांदा समोरून आला तर तो खेळ.

कबड्डी पाहणाऱ्याला हे सांगायला फार वेळ लागत नाही. चढाई करणारा परत वळत असताना कव्हरला उभा असलेला खेळाडू छातीने डॅश मारून त्याला मैदानाबाहेर काढतो, तेव्हा जोर किती हा प्रश्न दुय्यम असतो. वेळ कशी साधली हे महत्त्वाचं. बर्फावर हीच गोष्ट, फक्त पायाखाली घर्षण जवळजवळ नाही आणि वेग धावण्याच्या कितीतरी पुढचा. लिंड्रोस सहा फूट चार इंच, वजन एकशे नऊ किलोच्या आसपास. स्टीव्हन्स त्याच्याहून दोन इंच बुटका आणि दहाबारा किलोंनी हलका. हे आकडे मुद्दाम सांगतोय. त्या धडकेत मोठा माणूस पडलेला होता.

या खेळात पोरांना शिकवला जाणारा पहिला धडा म्हणजे मान वर ठेव. आपल्याकडे मान खाली घालून काम करणारा गुणी समजला जातो. बर्फावर मान खाली घालून मध्यावरून जाणारा गुणी असला तरी फार काळ टिकत नाही. निदान २००० साली अख्ख्या लीगची समजूत हीच होती: मान खाली होती ना, मग चूक त्याची.

चार नंबरचा माणूस

स्टीव्हन्सचा जन्म १ एप्रिल १९६४ चा, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या किचनर गावचा. गावच्याच किचनर रेंजर्सकडून ज्युनिअर हॉकी खेळला, १९८२ मध्ये त्यांनी ज्युनिअर हॉकीचा मेमोरियल कप जिंकला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पाचव्या क्रमांकावर उचललं. अठराव्या वर्षी तो थेट एनएचएलमध्ये खेळू लागला.

वॉशिंग्टनमधला स्टीव्हन्स आणि न्यू जर्सीतला स्टीव्हन्स हे जवळजवळ दोन वेगळे खेळाडू आहेत. पहिला तापट. हातमोजे फेकून मारामारीला उतरणारा. १९८६-८७ च्या एका मोसमात २८३ मिनिटं त्याने पेनल्टी बॉक्समध्ये काढली. साठ मिनिटांच्या सामन्यांच्या हिशेबात पावणेपाच सामने नुसते शिक्षेच्या बाकावर. पुढे हे आकडे उतरत गेले, आणि धडकेची दहशत मात्र वाढत गेली. मला या माणसातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. राग कमी झाला तसा तो अधिक धोकादायक झाला.

तो न्यू जर्सीत आला कसा, ही उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० मध्ये सेंट लुई ब्लूजने त्याला चार वर्षांसाठी एक्कावन्न लाख डॉलरच्या आसपास रकमेचा करार देऊ केला. वॉशिंग्टनने तेवढे पैसे मोजायचं नाकारलं आणि मोबदल्यात पहिल्या फेरीच्या पाच ड्राफ्ट निवडी घेतल्या. सेंट लुईत तो लगेच कर्णधार झाला, घर मांडलं. पुढच्याच उन्हाळ्यात त्याच ब्लूजनी न्यू जर्सीचा तरुण आघाडीवीर ब्रेंडन शॅनहॅन याला करारबद्ध केलं. नियमाप्रमाणे न्यू जर्सीला भरपाई द्यायची होती. ब्लूजनी देऊ केले गोलकीपर कर्टिस जोसेफ, रॉड ब्रिंडामोर आणि दोन निवडी. न्यू जर्सीने एकच नाव मागितलं. लवाद म्हणून बसलेल्या न्यायाधीश एडवर्ड ह्यूस्टन यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये निकाल न्यू जर्सीच्या बाजूने दिला. स्टीव्हन्सला त्यात कुणी काही विचारलं नव्हतं. तो इतका नाराज होता की सराव शिबिरालाही उशिरा पोचला.

शॅनहॅन हे नाव लक्षात ठेवा, वीस वर्षांनी ते परत येणार आहे.

१९९२ पासून स्टीव्हन्स डेव्हिल्सचा कर्णधार. १९९५, २००० आणि २००३ असे तीन स्टॅनले कप. मागे गोलमध्ये मार्टिन ब्रोडर, बाजूला स्कॉट नीडरमायर आणि केन डेनेको, २००० मध्ये जोडीदार ब्रायन राफाल्स्की. एकूण १,६३५ साखळी सामने. निवृत्त झाला तेव्हा कुठल्याही बचावपटूने इतके सामने खेळले नव्हते. १९६ गोल, गोल घडवणारे ७१२ पास, म्हणजे ९०८ गुण. १९९३-९४ मध्ये तर ७८ गुण मिळवून तो अख्ख्या संघात पहिला होता, बचावपटू असून. त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी थोडक्यात रे बोर्ककडे गेली, आणि पुढेही ती स्टीव्हन्सच्या वाट्याला कधीच आली नाही.

आणखी एक आकडा आहे, तो मला या सगळ्यांहून बोलका वाटतो. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले गोल अधिक, खाल्लेले गोल उणे, असा एक ढोबळ हिशेब एनएचएल ठेवते. बावीस मोसमांत स्टीव्हन्सचा हा हिशेब एकदाही उणे झाला नाही. नुसता मारकुटा असता तर हे शक्य नव्हतं. मारायला जाणारा बचावपटू जागा सोडतो, आणि सोडलेल्या जागेतून गोल होतात.

सापळा

आता त्या दीड सेकंदाकडे.

डेव्हिल्सचा खेळ १९९० च्या दशकात ‘ट्रॅप’ या नावाने ओळखला गेला, आणि बदनामही झाला. प्रशिक्षक जॅक लेमेअर यांनी ती पद्धत संघात मुरवली. सोप्या भाषेत असं: समोरचा संघ पक घेऊन निघाला की त्याच्यावर धावून जायचं नाही. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात माणसं अशी उभी करायची की त्याला एकच वाट मोकळी दिसावी. कडेला एक जण चिकटतो, फळीकडची वाट बंद. मागे वळायला वेळ नाही. मग पकवाला आत, मध्याकडे वळतो. त्याला वाटतं आपण वाट शोधली.

तेव्हाच्या नियमांनी याला मदत केली. आपल्या निळ्या रेषेआतून मैदानाच्या मधल्या लाल रेषेपलीकडे थेट पास द्यायला बंदी होती. ती २००५ मध्ये उठली. त्यामुळे मधल्या पट्ट्यातून पक बरेचदा स्टिकवर घेऊनच आणावा लागे. त्यात स्टिक अडवणं, जर्सी ओढणं, वाट अडवून उभं राहणं याकडे पंच काणाडोळा करत. या गर्दीतून एखादा बाहेर पडतो तेव्हा पक उसळलेला असतो, तो नीट करायला नजर खाली जाते. एक क्षणच. आणि नेमक्या त्याच ठिकाणी निळ्या रेषेच्या आत ४ नंबर उभा असतो.

म्हणजे स्टीव्हन्स सावज शोधत फिरायचा नाही. सावज जिथे येणार तिथे तो आधीच असायचा. बाकीचे बचावपटू मागे मागे सरकत गोलकीपरच्या पुढ्यात जायचे, हा मात्र समोरच्याची मान एकदा खाली गेली की मागे सरकणं थांबवून दोन फूट पुढे यायचा. ती दोन फुटंच त्याची कला. चुकलं तर समोरचा बाजूने सुटून एकटाच गोलकीपरसमोर, म्हणून फारसं कुणी ते करायला धजत नसे. स्टीव्हन्सही रोज करत नसे. पण तो करू शकतो एवढं माहीत असणं पुरेसं होतं. समोरचे आघाडीवीर मध्यावर यायचंच टाळू लागले, कडेला राहू लागले, पक लांब ढकलून द्यायला लागले. डेव्हिल्सना नेमकं तेच हवं असायचं. त्याची खरी कमाई न झालेल्या धडकांमध्ये आहे, आणि त्यांची चित्रफीत कुणी ठेवत नाही.

१९९५ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटच्या स्लावा कोझलोव्हला त्याने असंच मध्यावर गाठलं. नंतर बाकावरून त्याने डिनो सिसारेलीकडे बोट करून ‘पुढचा तू’ असं सुनावलं, ते कॅमेऱ्यात आलं. तो सामना, आणि चार सरळ सामन्यांत ती मालिकाही, डेव्हिल्सनी जिंकली. डेट्रॉइट त्या मोसमातला सर्वांत तगडा संघ होता.

समोरचा माणूस

प्रकरणाची दुसरी बाजू लिंड्रोसची आहे, आणि ती जास्त दुखरी आहे.

एरिक लिंड्रोस १९९१ चा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट. क्विबेकने निवडलं, त्याने तिथे खेळायला साफ नकार दिला. वर्षभराने क्विबेकने त्याला एकाच वेळी दोन संघांना विकल्यासारखा गोंधळ घातला आणि तोही प्रश्न लवादाकडे गेला. लवादाने त्याला फिलाडेल्फियाच्या पदरात टाकलं. फिलाडेल्फियाने मोजलेल्या किमतीत पीटर फॉर्सबर्ग हा पुढे महान ठरलेला खेळाडू आणि दीड कोटी डॉलर होते. योगायोग बघा, निळ्या रेषेवर समोरासमोर आलेले हे दोघेही आपापल्या संघात लवादाच्या निकालाने आले होते.

१९९५ मध्ये लिंड्रोस लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हार्ट ट्रॉफी मिळाली. लहानपणापासून तो बरोबरीच्या पोरांपेक्षा डोक्याने उंच. त्याला धडकणाराच उडून पडायचा. म्हणून मान वर ठेवायची सवय त्याला कधी लागलीच नाही, असं जाणकार सांगतात, आणि मला ते पटतं. मार्च १९९८ मध्ये पिट्सबर्गच्या डॅरियस कास्पारायटिसने त्याला मध्यावर, मान खाली असतानाच गाठलं. डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसला, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात.

मग रांग लागली. २००० च्या जानेवारीत पुन्हा. मार्चच्या सुरुवातीला बॉस्टनविरुद्ध पुन्हा, आणि त्या माराची नीट तपासणी होण्याआधी तो आणखी काही सामने खेळला. बाहेरच्या डॉक्टरांनी कन्कशनचं निदान केल्यावर त्याने संघाच्या वैद्यकीय पथकाबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. संघाने काय केलं? कर्णधारपद काढून घेतलं. मे महिन्याच्या सुरुवातीला, परतण्यासाठी सराव करताना, संघातल्याच एका खेळाडूवर आदळून पुन्हा कन्कशन. घरात आधीच एक उदाहरण होतं: धाकटा भाऊ ब्रेट याच कारणाने १९९६ मध्ये, विशी गाठता गाठता, खेळ सोडून बसला होता.

तरीही २४ मे रोजी, मालिकेच्या सहाव्या सामन्यात, लिंड्रोस बर्फावर उतरला. फिलाडेल्फियाचा त्या रात्रीचा एकुलता एक गोल त्यानेच केला. डेव्हिल्स २-१ ने जिंकले. ३-१ ने मागे पडलेल्या डेव्हिल्सनी मालिका ३-३ वर आणली होती. दोन दिवसांनी सातवा सामना.

इथे माझं मत सांगून टाकतो. त्या रात्री लिंड्रोस खेळायलाच नको होता. तीन आठवड्यांपूर्वी ज्याच्या मेंदूला हादरा बसलाय, मोसमभरात तिसऱ्याचौथ्यांदा, त्याला असल्या सामन्यात उतरवणं हा निर्णय स्टीव्हन्सच्या खांद्याच्या कितीतरी आधी झाला होता. लीगचा स्वतःचा कन्कशन कार्यक्रम १९९७ पासून सुरू होता, खेळाडूंच्या स्मरणशक्तीच्या आणि प्रतिसादाच्या चाचण्या घेतल्या जात होत्या. म्हणजे कुणाला काही ठाऊक नव्हतं असं नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, फुटू देत नाही. कवटीच्या आत मेंदू फिरतो, हिंदकळतो, ते हेल्मेटला थांबवता येत नाही. आणि जबड्यावर बाजूने बसलेला मार डोकं झटक्यात फिरवतो. सर्वांत वाईट ते हेच.

पण याने स्टीव्हन्स सुटतो का? पूर्ण नाही. लिंड्रोसचं डोकं कितव्यांदा दुखावलं होतं हे उत्तर अमेरिकेतल्या प्रत्येक क्रीडा पानावर होतं, आणि स्टीव्हन्स वर्तमानपत्र वाचत नसेल असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे दुसरे पर्याय होते. स्टिकने पक काढता आला असता. छातीवर घेता आलं असतं. त्याने नेहमीचं केलं, कारण नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच चुकीसह, समोरचा आला. त्या क्षणी समोर कोण आहे याचा विचार न करणं हेच त्याला अठराव्या वर्षापासून शिकवलं गेलं होतं.

सामना पुढे चालूच राहिला. घरच्या संघाचा हिरो असा आडवा झाला की प्रेक्षागृह जसं होतं तसं झालं. पॅट्रिक एलियासने डेव्हिल्सचे दोन्ही गोल केले, दुसरा शेवटच्या तीन मिनिटांत. २-१. लिंड्रोस फ्लायर्सच्या जर्सीत पुन्हा कधी दिसला नाही. पुढचा अख्खा मोसम घरी बसला, २००१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला, आणि त्याचा खेळ पूर्वीचा राहिला नाही.

धडका फिरून येतात

स्टीव्हन्सचं पुढे काय झालं हे थोडक्यात.

२००१ मध्ये कॅरोलायनाविरुद्धच्या एकाच मालिकेत शेन विलिस आणि रॉन फ्रान्सिस. विलिस तरुण होता, त्याची कारकीर्द नंतर उभीच राहिली नाही. २००३ च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात अ‍ॅनाहाइमचा पॉल करिया. पास देऊन झाला होता, नजर पासाकडे, आणि खांदा आला. करिया बर्फावर निपचित. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नेलेला. काही क्षण काहीच नाही, मग हेल्मेटच्या पारदर्शक काचेवर आतून एकदम वाफ धरते. श्वास परत आला. तो उठला, आत गेला, काही मिनिटांनी परत आला आणि त्याने सणसणीत गोल मारला. तेव्हा ही वीरगाथा म्हणून दाखवली गेली. आज तो भाग पाहताना माझ्या पोटात गोळा येतो. बेशुद्ध पडलेला माणूस त्याच सामन्यात परत खेळतोय आणि समालोचक हरखून गेलेत.

त्याच २००३ च्या वसंतात, काही आठवडे आधी, टॅम्पा बेविरुद्ध पाव्हेल कुबिनाचा एक जोरदार फटका स्टीव्हन्सच्या कानापाशी लागला होता. पक म्हणजे गोठवलेलं टणक रबर. तोही पुढच्या सामन्यात परतला, कप उचलला. मोसम संपला, पुढचा सुरू झाला आणि डोक्यातलं काहीतरी बरं होईना. ७ जानेवारी २००४ चा सामना त्याचा शेवटचा ठरला. कारण: कन्कशननंतर रेंगाळणारी लक्षणं. ज्या दुखण्याने त्याच्या वाटेतले लोक संपले, त्यानेच तोही संपला. यात काव्यगत न्याय वगैरे शोधणाऱ्यांचा मला राग येतो. मेंदूच्या दुखण्यात न्याय कसला.

सप्टेंबर २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. फेब्रुवारी २००६ मध्ये डेव्हिल्सनी ४ क्रमांकाची जर्सी छताला टांगली. २००७ मध्ये तो हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच वर्षी त्याच समारंभात सन्मान झालेल्यांत मार्क मेसियर होता, अल मॅकिनिस होता, आणि रॉन फ्रान्सिस होता. सहा वर्षांपूर्वी ज्याला खांदा दिला त्याच्याच शेजारी तोच सन्मान स्वीकारायचा. लिंड्रोसला त्या दालनात यायला २०१६ उजाडलं, करियाला २०१७.

लिंड्रोसने २००७ मध्ये निवृत्त होताना आपल्या लंडन या गावच्या (ऑन्टारियोतल्या) रुग्णालय व्यवस्थेला पन्नास लाख डॉलर दिले आणि पुढे कन्कशनबद्दल जागृतीच्या कामाला लागला. रोवन स्ट्रिंगर ही शाळकरी रग्बी खेळाडू २०१३ मध्ये अशाच मारांनी गेल्यावर ऑन्टारियोत जो कायदा झाला, त्यासाठी बोलणाऱ्यांत तो होता.

आजच्या नियमावर घासून

मार्च २०१० मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हर्डला आंधळ्या बाजूने डोक्यावर खांदा दिला. तेव्हाही शिक्षा झाली नाही, कारण नियमच नव्हता. स्टीव्हन्सच्या धडकेला दहा वर्षं होत आली होती. त्या महिन्यात लीगने घाईने नियम आणला, तोच पुढे नियम ४८ झाला: आधी फक्त बाजूने आणि न दिसणाऱ्या दिशेने दिलेल्या धडकेपुरता, मग २०११ मध्ये सर्व दिशांना. आणि त्याच २०११ मध्ये खेळाडू सुरक्षा विभागाची सूत्रं ज्याच्याकडे गेली तो होता ब्रेंडन शॅनहॅन. हो, तोच. ज्याच्या भरपाईत स्टीव्हन्स न्यू जर्सीला गेला, तो आता प्रत्येक निलंबनामागे एक चित्रफीत काढून समजावू लागला की खांदा कुठे लागला, डोकं हाच मुख्य संपर्क होता की नाही.

मग स्टीव्हन्सची ती धडक शॅनहॅनच्या टेबलावर आली असती तर? नियमाच्या नंतरच्या शब्दांत डोकं मुख्य संपर्कबिंदू असणं आणि तो संपर्क टाळता येण्याजोगा असणं, दोन्ही लागतात. टाळता आला असता की नाही हे तपासायला तीन गोष्टी पाहतात. धडक देणारा समोरच्याच्या अंगातून सरळ गेला का? लिंड्रोसची छाती फारशी लागलेलीच नाही, भार डोक्यानेच घेतला. इथे स्टीव्हन्स अडकतो. समोरच्याने स्वतःला अशा स्थितीत आणलं का की डोकं लागणं अटळ व्हावं? वाकलेला, मान खाली, मध्यावर. इथे स्टीव्हन्सचा वकील उभा राहील आणि त्याचं ऐकावं लागेल. समोरच्याने ऐनवेळी डोक्याची जागा बदलली का? नाही. रेषा ओलांडल्यापासून ते तिथेच होतं, आणि स्टीव्हन्सला ते दिसत होतं. कारण त्याच्याइतकं नीट पाहणारा बचावपटू त्या काळात दुसरा नव्हता. त्याची सर्वांत मोठी कला इथे त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

मी शॅनहॅनच्या जागी असतो तर चारपाच सामन्यांचं निलंबन लिहिलं असतं, आणि लिहिताना हात जड झाला असता.

याचा हिशेब मांडून पाहा. अंतिम मालिका ३० मे रोजी डॅलसविरुद्ध सुरू झाली. पहिले चारपाच सामने स्टीव्हन्स सूट घालून वर गॅलरीत. प्रत्यक्षात तो सगळे सामने खेळला, आणि प्लेऑफमधल्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मायथ ट्रॉफी त्यालाच मिळाली. १० जूनच्या सहाव्या सामन्यात, डॅलसमध्ये, १-१ वर दुसरा जादा काळ सुरू होता. एलियासने न पाहता मागे दिलेला पास जेसन आर्नटने जाळ्यात मारला आणि कप न्यू जर्सीला गेला. त्या गोलापुढे अधिकृत नोंदीत पास देणारी दोन नावं आहेत: एलियास, स्टीव्हन्स.